होस्टिंग विकायला निघालो आणि डोमेनपाशी अडकलो

सांगलीत बारा वर्षं मी व्यापाऱ्यांच्या कॉम्प्युटरचं बघतो. टॅली, नेटवर्क, प्रिंटर, बॅकअप. वेबसाइट हे माझं काम नव्हतं, पण ‘मेल जाईना’ म्हणून फोन मलाच. बोलणी मी खायची आणि वर्षाचे पैसे दुसऱ्यानं घ्यायचे, याला कंटाळून मागच्या वर्षी रिसेलर होस्टिंग घेतलं, म्हणजे कंपनीकडून वेबसाइट ठेवायची जागा घाऊक घ्यायची आणि आपल्या गिऱ्हाइकांना विकायची. ते एका दुपारचं काम. डब्ल्यूएचएममध्ये, म्हणजे होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, पॅकेजेस केली, माझ्या नावाचे नेमसर्व्हर (साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारे) लावले. पहिली तीन गिऱ्हाइकं आठवड्यात आली.

चौथे अण्णा. मार्केट यार्डात हळदीची अडत. साइट पाच पानांची, मेल सहा, आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, डॉटकॉम. मी म्हणालो, “अण्णा, डोमेनचा पासवर्ड द्या, परवा काम होतंय.” त्यांनी गल्ल्यातून डायरी काढली. त्यात पासवर्ड नव्हता, साइट बनवणाऱ्या पोराचा मोबाइल नंबर होता. “तो बघतो की सगळं.”

तो पोरगा पुण्यात नोकरीला लागलेला. पहिल्या फोनला “देतो दादा”, दुसऱ्याला “शनिवारी नक्की”, तिसरा उचललाच नाही. दर वर्षी पैसे अण्णा भरायचे, पण डोमेन त्याच्या खात्यात, त्याच्या ईमेलवर. 2018 पासून हूइजमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, बहुतेकांची नावं झाकलेलीच दिसतात, त्यामुळे मालक म्हणून नाव कुणाचं तेही कळेना.

डॉटकॉम एका रजिस्ट्रारकडून (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडून) दुसरीकडे हलवायचं तर ऑथ कोड, म्हणजे त्या डोमेनचा गुप्त कोड, लागतो. डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेचा नियम असा की मालकानं मागितल्यावर रजिस्ट्रारनं 5 दिवसांत तो द्यायचा. मी रजिस्ट्रारला तिकीट टाकलं. उत्तर आलं: नोंदणीकृत ईमेलवरून लिहा. अहो, तो ईमेलच तर आमच्याकडे नाही, तेच सांगतोय! पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदाही तेच, फक्त खालचं नाव वेगळं.

चौथ्या दिवशी रजिस्ट्रारकडे कुणीतरी खराखुरा माणूस भेटला. त्याच्याकडून कळलं की संस्थेच्या रकान्यात अण्णांच्या पेढीचंच नाव आहे. कागद पाठवा म्हणाला. पॅन पाठवलं, परत आलं, कारण पॅनवर अण्णांचं स्वतःचं नाव आणि डोमेनवर पेढीचं. मालकी हक्काच्या धंद्यात हे असंच असणार. इथं उपयोगी पडतं जीएसटीचं नोंदणी प्रमाणपत्र, त्यावर कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही छापलेली असतात. ते आधीच पाठवलं असतं तर सहा दिवस वाचले असते.

मग लेटरहेडवर पत्र, सही, शिक्का. शिक्क्याचं पॅड वाळलेलं. अण्णांनी शिक्क्यावर दोनदा ‘हाऽ’ करून तो दाबला, अर्धाच उमटला. स्पष्ट नाही म्हणून पत्र परत. यार्डाबाहेरच्या स्टेशनरीतून पंचवीस रुपयांची शाई आणली, तेव्हा काम झालं. एकोणिसाव्या दिवशी डोमेन अण्णांच्या नव्या खात्यात आलं.

आणि इथं माती मी स्वतः खाल्ली. नावाच्या रकान्यात अजून त्या पोराचं नाव होतं. डोक्यात राग होताच. ते खोडून अण्णांचं टाकलं आणि सेव्ह केलं. मालकाचं नाव बदललं की 60 दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. हे कुलूप नको असं सांगायची टिकची चौकट खालीच होती, मी खाली सरकलोच नव्हतो. तुम्ही सरका.

दोन दिवस चरफडत होतो. मग लक्षात आलं की डोमेन हलवायची गरजच काय? साइट माझ्या सर्व्हरवर आणायला नुसते नेमसर्व्हर बदलले तरी पुरतं, आणि कुलूप त्याला आड येत नाही. डोमेन वेगळं, होस्टिंग वेगळं, हे मी गिऱ्हाइकांना समजावतो.

मात्र नेमसर्व्हर बदलण्याआधी मेलबॉक्स नव्या सर्व्हरवर तयार हवेत. माझा एक राहिला, आणि वाशीच्या पार्टीनं पाठवलेली ऑर्डर ‘असा पत्ता नाही’ म्हणून परत गेली. अण्णा काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. मेल खरंच आपल्याकडूनच आलाय हे दाखवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदीही त्याच बैठकीत घाला, नाहीतर कोटेशनं स्पॅममध्ये जातात.

बिलाचं राहिलंच. होस्टिंगला सॅक कोड (जीएसटीतला सेवेचा क्रमांक) 998315, जीएसटी 18 टक्के. मी भारतातल्याच कंपनीचा प्लॅन घेतला, म्हणजे त्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट सरळ मिळतं. परदेशी घेतला की रिव्हर्स चार्जचं, म्हणजे विकणाऱ्याऐवजी जीएसटी आपणच भरायचं, लफडं मागे लागतं.

आता डोमेन गिऱ्हाइकाच्याच ईमेलवर घेतो आणि पासवर्ड त्यांच्या हातात देतो. अण्णांनाही द्यायला गेलो. चिठ्ठी न वाचताच परत सरकवली. “तुझ्याकडंच असू दे की रं. तूच बघतोस सगळं.” मी डायरी मागून घेतली आणि त्या पोराच्या नंबरखाली पासवर्ड स्वतःच लिहिला.