डेटा इंजिनिअरचा इंटरव्ह्यू म्हणे 😐
आज हिंजवडीत इंटरव्ह्यू होता, ११ ची वेळ दिलेली, साहेब उगवले पावणेएकला आणि आल्या आल्या विचारतात रेझ्युमे आणलाय का. जेडीत (नोकरीच्या जाहिरातीत) स्पार्क, एअरफ्लो, काफ्का ही डेटाची टूल्स सगळी होती म्हणून ३ रात्री जागून तेच घोटलेलं, आणि पहिला प्रश्न काय तर एक्सेलमधलं व्हीलूकअप येतं का. मग एक बरा प्रश्न आला, दोन टेबलं जोडताना एकाच 'की'वर (जोडायच्या कॉलममधल्या एकाच व्हॅल्यूवर) सगळा डेटा गोळा होऊन जॉइन अडकला तर काय करणार, मी म्हटलं सॉल्टिंग, म्हणजे त्या 'की'ला रँडम आकडे जोडून डेटा पसरवायचा, नाहीतर एक टेबल छोटं असेल तर ब्रॉडकास्ट जॉइन, म्हणजे ते सगळ्या मशीनवर कॉपी करायचं, तर म्हणे छे, मशीन वाढवायची. अहो लोड एकाच टास्कवर आहे, बाकीच्या मशीन काय माशा मारणार? पण बोललो नाही, मान हलवली नुसती. येताना वाकडला ट्रॅफिकमध्ये आईचा फोन, झालं का रे? म्हटलं कळवतो म्हणालेत.