तंबोला, बाफले आणि सिरपूरचे वारकरी

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेत स्टाफचं सेलिब्रेशन असतं. मुलं साडेबाराला जातात, शेवटची बस गेटबाहेर पडली की मग आमचा कार्यक्रम. एकोणीस वर्षं झाली मला इंदूरमध्ये शिकवताना, दोन शाळा झाल्या, आणि खरं सांगते, त्यातली बरीच वर्षं हा दिवस मला नकोसा वाटायचा. कुणाला बोलले नाही कधी. सणासुदीला असं बोललेलं बरं दिसत नाही ना.

जे शिक्षक आहेत त्यांना कळेल मी काय म्हणतेय. ऑक्टोबर महिना म्हणजे हाफ-इयर्लीचे पेपर तपासून व्हायचे असतात, मार्क्स भरायचे असतात, पीटीएम म्हणजे पालकांची मीटिंग असते, त्यात दिवाळी वीक सुरू होतो. सॉफ्ट बोर्ड बदला, मुलांच्या पणत्या रंगवून घ्या, असेंब्लीत राम-सीता-लक्ष्मण उभे करा, लक्ष्मणाला ऐन वेळी ताप येतो मग दुसरा लक्ष्मण शोधा. हे सगळं झालं की शेवटच्या दिवशी स्टाफची रांगोळी कॉम्पिटिशन, एथनिक वेअर, ग्रुप डान्स, प्रत्येकीने एकेक पदार्थ घरून करून आणायचा. आणि घरी माळ्यावरचे डबे खाली काढलेले, पडदे धुवायला टाकलेले, भाजणी दळून आणायची राहिलेली. म्हणजे शाळेतलं सेलिब्रेशन हे आनंदाचं न राहता कामाच्या यादीत आणखी एक काम होऊन बसतं. आणि ते काम नेहमी त्याच चार-पाच जणींकडे येतं, ज्यांना नाही म्हणता येत नाही.

आधीच्या शाळेत असताना एका वर्षी डेकोरेशन, अँकरिंग आणि गिफ्टचं वाटप असं तिन्ही माझ्याकडे आलं. तीन दिवस मी संध्याकाळी सहापर्यंत थांबले. कार्यक्रम छान झाला असं सगळे म्हणाले, मला त्यातलं काहीही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की नरक चतुर्दशीला पहाटे घरातले सगळे उठले, उटण्याचा वास माझ्या खोलीपर्यंत आला, आणि मी अर्धशिशीने डोक्याला ओढणी घट्ट बांधून अंधारात पडून होते. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता, दारात उभा राहून विचारत होता, आई तू अंघोळीला नाही येणार? ते फार लागलं मला. अजूनही लागतं.

म्हणून या वर्षी जे झालं ते लिहून ठेवावंसं वाटतंय.

झालं असं की यंदा कार्यक्रमाचं काम आमच्या पीटीच्या सरांकडे आलं. त्यांनी मीटिंग वगैरे काही घेतली नाही, डब्याच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आले आणि विचारलं, मॅडम लोग, सच बताओ, क्या करना है? दोन मिनिटं कुणी बोलेना. मग आमच्या संस्कृतच्या मॅडम, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेल्या, म्हणाल्या, मला नुसतं बसायचंय, कुणीतरी गरम वाढावं आणि मी जेवावं. बस. एवढं ऐकल्यावर एकेक जण बोलायला लागली. कॉम्पिटिशन नको. ड्रेस कोड नको. घरून काही करून आणायचं नको. गिफ्ट एक्स्चेंजही नको, कारण त्याच त्या डिझाइनचे कॉफी-मग आणि फोटोफ्रेम घरोघरी फिरतात. उरलं काय, तर जेवण आणि तंबोला. प्रत्येकी तीनशे रुपये काढले आणि सरांनी बाफलेवाल्याला फोन केला.

तंबोल्याबद्दल जरा सांगते. आमच्याकडे भिशीत, किटीत, लग्नघरी सगळीकडे तंबोला असतो, तुम्ही कदाचित हाउजी म्हणत असाल. तिकिटावर तीन ओळी, प्रत्येक ओळीत पाच आकडे, एकूण पंधरा, आणि पुकारणारा एक ते नव्वदमधला एकेक आकडा काढतो. खेळात डोकं लावायचं काही नाही. पण तेवढ्यासाठीच तो मला आवडला. मुख्य हॉलमध्ये आम्ही चाळीसेक जण, त्यात बसचे ड्रायव्हर-कंडक्टर, ऑफिसवाले, आया-दीदी, गेटवरचे भैया, सगळे सतरंजीवर बसलेले, आणि मॅथ्सचे सर आकडे पुकारतायत. आणि हॉलमध्ये शांतता! वर्षभर आम्ही ज्या हॉलमध्ये मुलांना चूप चूप म्हणत घसा बसवतो तिथे चाळीस माणसं माना खाली घालून, पेन हातात धरून पुढच्या आकड्याची वाट बघतायत. कुणाचा फोन नाही, पेपरचं टेन्शन नाही, अरेंजमेंट, म्हणजे न आलेल्या शिक्षकाचा तास, लागेल का ही धाकधूक नाही. मधूनच सरांनी उन्यासी पुकारलं की अर्धे लोक विचारायचे, सर, सेवन नाइन की एट नाइन? उन्यासी आणि नवासीत भल्याभल्यांचा गोंधळ होतो. आम्ही मराठी मंडळी मनात एकोणऐंशी म्हणून मोकळे.

माझ्या शेजारी आमच्या प्रायमरीच्या दीदी बसल्या होत्या. लहान मुलांचे हात-तोंड धुणं, कुणाला उलटी झाली तर आवरणं, दिवसभर हेच काम त्यांना. त्यांच्याकडे पेन नव्हतं, मी माझं लाल पेन दिलं, तर म्हणाल्या, लाल तो आपका है. मग पर्समधून काजळाची पेन्सिल काढली आणि तिने आकडे खोडायला लागल्या, अगदी हळूहळू, एकेक आकडा दोनदा बघून. शेवटी त्यांचा एकच राहिला, बावीस. त्यांनी तिकीट माझ्याकडे सरकवलं, बोट त्या बाविसावर, काजळाने काळं झालेलं, आणि दोघी श्वास रोखून. सरांनी तीन आकडे दुसरेच काढले आणि मग, दो नंबर के दो, बाईस. त्यांच्या तोंडून आवाजच फुटेना, मीच ओरडले, फुल हाउस! पाचशे रुपये मिळाले. त्यांनी ते पाकीट उघडलंच नाही, पदराच्या टोकाला बांधलं.

मग जेवण. दाल-बाफले ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, बाफला म्हणजे बाटी नव्हे. जाडसर दळलेल्या कणकेचे गोळे आधी हळदीच्या पाण्यात उकळून घ्यायचे, मग भाजायचे, म्हणून तो आतून मऊ राहतो. वाढणारा गरम बाफला हातात घेऊन दाबतो, तो तडकतो, आणि मग तुपाच्या पातेल्यात बुडवून ताटात. वर तुरीची डाळ, बाजूला कढी, हिरवी चटणी, आणि लाडू. दोन बाफले झाले की माणूस कामाचा राहत नाही, मालव्यात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून इथे दाल-बाफल्याचं जेवण सुट्टीच्या दिवशीच ठेवतात. आम्ही खरंच भिंतीला टेकून बसलो. सायन्सच्या मॅडमना डुलकी लागली. कुणी फोटो काढला नाही. संस्कृतच्या मॅडम म्हणाल्या, तीस वर्षांत पहिल्यांदा मी शाळेतून घरी थकून जाणार नाही.

आमच्या स्टाफमध्ये एक ख्रिश्चन मॅडम आहेत. त्या निघताना म्हणाल्या, डिसेंबरमध्येही असंच करूया, अ‍ॅन्युअल फंक्शनच्या प्रॅक्टिसमध्ये दर वर्षी माझा नाताळ हरवतो. मला एकदम वाईट वाटलं, इतक्या वर्षांत आम्ही कधी विचारलंही नव्हतं. तर ठरलंय, त्यांच्या घरचा केक आणि गराडू. गराडू म्हणजे एक कंद, थंडीत गरम तळलेला, वरून जिरावण मसाला आणि लिंबू; तो करणारा गाडीवाला शाळेतच बोलवायचा.

घरी आल्यावर मी आईंना, म्हणजे सासूबाईंना, सगळं सांगितलं, आणि धीर करून हेही सांगितलं की या वर्षी चकली, शेव, चिवडा मी करणार नाही, बाहेरून आणू. नमकीनसाठी ज्या गावाचं नाव देशभर आहे तिथे राहून मी शेव पाडत बसते याला अर्थ नाही. मला वाटलं होतं रागावतील. त्या म्हणाल्या, आण, पण अनारसे घरचेच, आणि ते मी करणार. मी काही म्हणायच्या आत तांदूळ भिजत घातलेही होते, तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मी शेजारी नुसती बसले. त्या खसखशीवर पुरी थापतात, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडतात, उलटत नाहीत, झाऱ्याने वरून तूप उडवत राहतात, जाळी हळूहळू उमलते. पहिला हसला, म्हणजे तुपात विरघळून पसरला. मला वाटलं आता सगळं पीठ गेलं. त्यांनी शांतपणे गॅस बारीक केला, पिठात चमचाभर कोरडी पिठी मळली, दुसरा सोडला. म्हणाल्या, घाईत करायचा पदार्थ नाही गं हा, म्हणून तर मी तुला सांगत नाही करायला. हे त्या मला टोमणा म्हणून नाही म्हणाल्या, मला माहीत आहे. एवढ्या वर्षांत मी त्यांना अनारसे करताना कधी बसून बघितलंच नव्हतं. मी नेहमी चकलीच्या सोऱ्याशी झटत असायचे.

लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला. इथे पाडव्याला धोक पडवा म्हणतात, सगळी कॉलनी एकमेकांच्या घरी मोठ्यांच्या पाया पडायला जाते, ते मला मनापासून आवडतं, त्यातलं काही कमी केलं नाही. राजवाड्याच्या गर्दीत मात्र गेलो नाही, आणि २०२४ साली लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला यावर स्टाफच्या ग्रुपवर जो वाद झाला होता तसलं काही या वेळी होऊ नये म्हणून ग्रुप भाऊबीजेपर्यंत म्यूट केला.

भाऊबीजेला भाऊ देवासहून आदल्या रात्रीच आला होता. सकाळी मी त्याला सहाला उठवलं आणि आम्ही सिरपूरच्या तलावावर गेलो. धार रोडवरून किती वेळा जाते मी, आत कधी गेले नव्हते. होळकरांच्या काळातला तलाव, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आला, इंदूरजवळचा यशवंत सागर तलावही त्याच वर्षी. फटाक्यांचा धूर अजून हवेत होता, पाण्यावर पांढरा पट्टा दिसत होता त्याचा. थंडीचे पाहुणे पक्षी नुकते यायला लागलेले. त्यात काळे, लहान बदकासारखे, कपाळावर पांढरा ठिपका असलेले काही होते. भाऊ म्हणाला, हे बघ वारकरी. मराठीत त्या पक्ष्याला वारकरी म्हणतात हे मला माहीत नव्हतं, कपाळावर गंध लावल्यासारखं दिसतं ना. सात-आठ होते, एकामागून एक, घाई नाही, मधूनच एखादा बुडी मारायचा आणि थोडा पुढे वर यायचा.

आम्ही काठावर बसलो. लहानपणी आम्ही दोघं फार भांडायचो, आता वर्षातून चार वेळा भेटतो आणि त्यातही मी स्वयंपाकघरात असते, तो बाहेर ह्यांच्याशी बोलत असतो. त्या दिवशी बराच वेळ काही बोललो नाही. मग तो बाबांबद्दल बोलला, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

साडेसातला आईंचा फोन आला, ओवाळायचं ताट तयार आहे, कुठे आहात. भाऊ म्हणाला अजून पाच मिनिटं थांब, तो शेवटचा बुडालेला वर येऊ दे. मी आईंना म्हटलं, येतोच आहोत, तुम्ही पोहे भिजवून ठेवा.