पाणी हिरवंगार, पोट मोकळं

परवा सकाळी सहालाच कागलकडनं एका आबांचा फोन, "पिल्लं मरायला लागल्यात, लगीच या." पाचच दिवसांपूर्वी त्यांच्या दोन गुंठ्याच्या शेततळ्यात मीच रोहू माशाचं लाखभर जिरं, म्हणजे अंड्यातनं नुकतीच निघालेली बारीक पिल्लं, सोडलेलं.

जाऊन बघतोय तर काठाला दुधावरच्या सायीसारखी पांढरी पिल्लं जमलेली. पाणी मात्र हिरवंगार, आणि आबांचा सगळा जोर त्यावरच, "पाणी तर एक नंबर झालंय की ओ!" विचारलं काय टाकलेलं, तर युरिया आणि सुपर फॉस्फेट. शेण नाही, शेंगपेंड नाही. वर दुकानदारानं गळ्यात मारलेलं २ मिमीचं तरंगतं खाद्य. आता सहा-सात मिमीचं पिल्लू, त्याच्या तोंडात तो दाणा जाणार कसा? पण दुकानदाराला काय, पोतं खपल्याशी मतलब.

दहा-पंधरा पिल्लं भरून आणून मायक्रोस्कोपखाली घेतली. या वयात अंग काचेसारखं असतं, पोट फाडायची गरजच नाही, आतडं सरळ दिसतं. सगळ्यांचं मोकळं. फक्त एका जिवंत पिल्लाच्या आतड्यात काळा ठिपका, मॉइना नावाच्या पाण्यातल्या बारीक किड्याचा डोळा. त्याला तेवढी एकच घावली असावी.

अंड्यातनं आल्यावर तीनेक दिवस पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर निघतात, मग रोहू असो, कटला असो, मृगळ असो, सगळ्यांना बारीक जिवंत किडेच लागतात, आधी रोटिफर, मग मॉइना, डॅफ्निया. रोहू शेवाळाकडं आणि मृगळ तळातल्या गाळाकडं वळतो तो बोटभर झाल्यावर, कटला पुढंही किड्यांवरच राहतो. ट्रेनिंगमध्ये मात्र तक्ता दाखवतात तो मोठ्या माशांच्या खाण्याचा, आणि शेतकरी तोच पाठ करून येतो.

बरं, नवीन प्लास्टिक, बोअरचं पाणी, वर शेण-पेंडही नाही, त्यात किडे येणार कुठनं? ५० लिटर पाणी बारीक जाळीतनं गाळलं तर मोजायच्या नळीत निदान १ ते २ मिली किडे बसायला पाहिजेत. आम्ही गाळलं तर बुडाला नुसता शेवाळाचा हिरवा डाग.

संध्याकाळी आमच्या टाकीतली मॉइना कॅनमध्ये भरून नेली, ओतताना आबा म्हणाले, "आता किडं सोडायलाईस व्हय माझ्या तळ्यात?" नुकसान कोण भरणार हे काय त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. कारण जिरं सोडायच्या दिवशी पाणी बघून "झकास" म्हणालेलो मीच, आणि जाळी तवापण गाडीच्या डिकीतच होती.