भोकाचा पैसा आणि आजोबांचा हूवर

नागपूरच्या महाल भागातील आमच्या जुन्या घराचा माळा गेल्या एप्रिलमध्ये रिकामा केला, तेव्हा तांदळाच्या दोन पोत्यांत गुंडाळून सुतळीने बांधलेला आजोबांचा व्हॅक्यूम क्लीनर खाली आला. आजोबा रेल्वेत कारकून होते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपण संपले आणि भोपाळला बदली झालेल्या एका अधिकाऱ्याने सिव्हिल लाइन्समधील बंगल्यातील सामान विकायला काढले. त्या सामानातून आजोबांनी हे यंत्र घेतले. त्या वेळी बाबा अकरा वर्षांचे होते. यंत्रावरील धातूच्या पट्टीवर हूवर लिमिटेड, पेरिव्हेल, मिडलसेक्स असा पत्ता आहे आणि त्याखाली २०० ते २२० व्होल्ट असे छापलेले आहे. लंडनच्या पश्चिमेकडील पेरिव्हेलचा तो कारखाना १९३३ साली सुरू झाला आणि त्याची पांढरी इमारत आजही उभी आहे. घरात मात्र या यंत्राला हूवर असे कोणी म्हटले नाही. आजी त्याला भोंगा म्हणत असे, आणि बाबा अजूनही तेच म्हणतात.

हे उभे यंत्र मुळात गालिचासाठी केलेले आहे. त्याच्या पुढच्या तोंडात एक आडवा रूळ असतो आणि त्यावर केसांच्या पट्ट्या व धातूच्या उंच कडा बसवलेल्या असतात. रूळ फिरू लागला की कडा गालिचाला ठोके देतात, सुटलेली धूळ केसांनी झाडली जाते आणि मग ती हवेबरोबर वर ओढली जाते. या कंपनीने ही रचना १९२६ साली बाजारात आणली. आमच्या घरात शहाबादी फरशी होती आणि गालिचा कधीच नव्हता, त्यामुळे फरशीवर यंत्राच्या या मुख्य गुणाचा काहीच उपयोग नव्हता. आजीने ते बैठकीतील सतरंजीसाठी वापरले. दर गुरुवारी भजनाला बायका येण्याआधी ती सतरंजी भोंग्याखालून जात असे, आणि माझ्या मते इतकी वर्षे ते मोडीत न जाता घरात राहिले ते त्या गुरुवारांमुळेच.

जुन्या वस्तूंचे काम हाती घेणारे बहुतेक जण आधी पॉलिशकडे वळतात, कारण तिथे फळ लवकर दिसते. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते, आणि बंद पडलेल्या यंत्राला आधी चकाकी देणे मला पटत नाही. चकचकीत झालेले यंत्र पुन्हा उघडायला हात धजत नाही, आणि मग आतला दोष तसाच राहतो. म्हणून मी प्रथम सगळे सुटे केले, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढले आणि स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवले. पिशवी उघडताना नाकातोंडावर मास्क बांधला, कारण अनेक दशकांची ती बारीक धूळ श्वासात जाऊ देण्यासारखी नव्हती. रुळावरचे केस रिठ्याच्या पाण्यात धुतल्यावर चांगले निघाले. रूळ फिरवणारा रबरी पट्टा मात्र डांबरासारखा वितळून पुलीला चिकटला होता; तो केरोसीनने सोडवावा लागला. सुरुवातीला स्कूटरच्या ट्यूबची चकती कापून लावली, पण ती दोन आठवड्यांत सैल पडली, तेव्हा इंग्लंडहून योग्य मापाचा पट्टा मागवला.

खरा दोष पंख्यात सापडला. या पद्धतीच्या यंत्रात पिशवी पंख्याच्या पुढे असते, म्हणजे धूळ, खडे, केस असे जे काही ओढले जाते ते आधी पंख्यातून जाते आणि मग पिशवीत पडते. पिशवी भरली तरी ओढ फारशी कमी होत नाही, हा त्याचा फायदा. पण एखादी टणक वस्तू आत गेली तर तिचा मार थेट पंख्याच्या पात्यांवर बसतो. झाकण काढले तेव्हा एका कोपऱ्यात, घट्ट झालेल्या धुळीच्या गोळ्यात, १९४४ सालचा भोकाचा पैसा रुतून बसला होता आणि ॲल्युमिनियमच्या पंख्याचे एक पाते अर्ध्यातून तुटलेले होते. भजनाला आलेल्या कुणाच्या तरी कनवटीचा तो पैसा असावा. एक पाते तुटले म्हणजे पंख्याचा तोल गेला, तोल गेला म्हणजे मिनिटाला हजारो फेरे घेणारा दांडा हादरू लागला आणि त्या हादऱ्याने बेअरिंग खाल्ले गेले, अशी ती साखळी होती. यंत्र फार खडखडू लागले म्हणून आजोबांनी ते बंद करून ठेवल्याचे बाबांना आठवत होते. त्या खडखडीचे कारण अखेर तळहातावर आले.

तुटलेले पाते हिंगणा रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात आर्गन वेल्डिंगने भरून घेतले. ॲल्युमिनियमचे हे काम साध्या वेल्डिंगने होत नाही. हवेचा स्पर्श होताच त्यावर ऑक्साइडचा थर येतो, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळत असले तरी तो थर वितळायला २००० अंशांहून अधिक उष्णता लागते. भरलेले पाते कानशीने इतर पात्यांच्या आकाराचे केले. मग तोल तपासण्यासाठी पंखा एका सरळ सळईवर बसवला आणि पाणसळ लावून समतल केलेल्या दोन पोलादी पट्ट्यांच्या धारेवर ती सळई ठेवली. जी बाजू जड असते ती आपोआप खाली येऊन थांबते. खाली आलेल्या बाजूच्या कडेचा थोडासा धातू कानशीने काढायचा, पंखा पुन्हा ठेवायचा आणि पुन्हा पाहायचे, असे मी तीन संध्याकाळी केले. त्यानंतर पंखा कुठेही सोडला तरी तिथेच थांबू लागला. या संपूर्ण दुरुस्तीतील मला सर्वांत प्रिय असलेले काम हेच.

मोटार मात्र अपेक्षेपेक्षा बरी निघाली. मिक्सरमध्ये असते तशीच ही मोटार असते. आर्मेचर, म्हणजे फिरणारा भाग, आणि फील्ड कॉइल, म्हणजे त्याभोवतीची स्थिर गुंडाळी, एकामागोमाग एक जोडलेली असतात आणि कार्बनच्या दोन लहान ठोकळ्यांमधून वीज फिरत्या भागात जाते. तांब्याच्या पट्ट्यांचा जो गोल असतो, म्हणजे कम्युटेटर, तो काळा पडला होता. तो झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने साफ केला. त्यासाठी एमरी कापड वापरू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण त्याचे कण विजेला वाट देऊ शकतात आणि पट्ट्यांमधल्या फटींत अडकले तर ठिणग्या वाढतात. पट्ट्यांमधले अभ्रक तांब्याच्या किंचित खाली असावे लागते. ते हॅकसॉच्या पात्याचा तुकडा घासून बारीक करून कोरले. नवे कार्बन बाजारात मिळणाऱ्या मोठ्या कार्बनमधून मापाने घासून घेतले, आणि झिजलेली बेअरिंगे मापे देऊन सीताबर्डीच्या एका दुकानातून आणली.

आतल्या आवरणाची विद्युतरोधकता ५०० व्होल्टच्या मेगरने मोजली तेव्हा ती अवघी ०.३ मेगओहम भरली. किमान एक मेगओहम तरी असल्याशिवाय यंत्राला वीज देणे योग्य नव्हे. वाइंडिंगवाल्याने सगळे उकलून नव्याने गुंडाळण्याचा सल्ला दिला, पण मला ते घाईचे वाटले, कारण सुती व वार्निशच्या आवरणात ओल मुरली तरी असा आकडा येतो. मे महिना होता आणि पारा ४५ अंशांच्या आसपास होता. मी आर्मेचर आणि कॉइल मलमलीच्या फडक्यात बांधून चार दिवस गच्चीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवले आणि रात्री डब्यात बंद केले. पाचव्या दिवशी मेगरचा काटा सहा मेगओहमवर स्थिरावला. नागपूरच्या उन्हाबद्दल आपण सगळेच तक्रार करतो. त्या आठवड्यात मी त्याची मनापासून ऋणी झाले. वार्निशचा एक हात देऊन पुन्हा दोन दिवस वाळवले आणि मोटार जोडली.

एका बाबतीत मी जुनेपण जाणीवपूर्वक मोडले. यंत्राची मूळ वायर दोन तारांची होती, तिचे रबर चुरा होऊन गळत होते आणि धातूच्या अंगाला अर्थिंग मुळीच नव्हते. धातूचे अंग असलेले यंत्र अर्थिंगशिवाय हाताळणे मला मान्य नाही, मग ते संग्रहालयाच्या दृष्टीने कितीही अस्सल असो. मी तीन तारांची वायर टाकली, हिरवी तार अंगाला पक्की केली आणि जुनी वायर गुंडाळून पेटीत जपून ठेवली. पहिल्यांदा सुरू करताना १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावला होता. आत कुठे शॉर्ट असता तर तो पूर्ण तेजाने पेटला असता. तो मंद लाल राहिला आणि पंखा हळूहळू फिरू लागला.

पिशवी शिवून घेताना मला जेम्स मरे स्पँगलर यांची फार आठवण झाली. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन गावी एका मोठ्या दुकानात ते झाडलोट करीत, त्यांना दमा होता आणि झाडताना उडणारी धूळ त्यांना सोसत नसे. त्यांनी एक छोटी विजेची मोटार, पंखा, फिरता ब्रश आणि झाडूचा दांडा एकत्र केला आणि मागे धूळ धरण्यासाठी उशीचा अभ्रा बांधला. १९०८ साली त्यांना पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी त्यांनी ते चामड्याच्या वस्तू करणाऱ्या विल्यम हूवर यांना विकले. पुढे नाव हूवर यांचे झाले, पण यंत्र त्या दमेकरी माणसाचे आहे. पिशवीचे कापड हवा जाऊ देणारे आणि धूळ अडवणारे असावे लागते, म्हणून गांधीबागेतून घट्ट विणीचे सुती ड्रिल आणले. ते दोन वेळा धुऊन आटवले आणि आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडून जुन्या पिशवीच्या मापाने दुहेरी शिवणीने शिवून घेतले.

आता पॉलिश. इथे पहिली चूक माझीच झाली. तेलकट काजळी निघावी म्हणून मी ॲल्युमिनियमचे ओतीव झाकण धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवले आणि ते करडे-काळे होऊन बाहेर आले. सोडा ॲल्युमिनियमला खातो, आणि ओतीव मिश्रधातूत असलेले सिलिकॉन मागे राहून पृष्ठभाग काळवंडतो, हे मी वर्गात शिकवलेले होते. तो डाग काढण्यासाठी ४०० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करून ६००, ८००, १००० आणि शेवटी २००० नंबरपर्यंत हाताने घासावे लागले. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते दिसते.

बफिंगसाठी मी इतवारीत भांड्यांना पॉलिश करणाऱ्या एका कारागिराकडे गेले. त्यांचे घराणे मूळचे भंडाऱ्याचे, आणि भंडाऱ्याची पितळी भांडी विदर्भात नावाजलेली आहेत. त्यांनी झाकण हातात घेऊन नखाने टकटक केले आणि म्हणाले, “हे पितळ नाही जी ताई, नरम हाय हे. चाकावर दाबलं का अक्षरं गेली.” झाकणावर कंपनीचे नाव उठावाच्या अक्षरांत ओतलेले आहे. त्यांनी मोकळ्या कापडी चाकावर फक्त सपाट भाग घेतला, तोही थांबत थांबत, कारण नरम धातू तापला की फासल्यासारखा ओढला जातो. अक्षरांच्या भोवतीचा भाग मी घरी बांबूच्या चिपाटाला कापड गुंडाळून केला. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेऊ शकते, म्हणून लोखंडाच्या ठिणग्या उडवणाऱ्या ग्राइंडरजवळ ते हे काम कधीच करीत नाहीत, हेही त्यांनीच दाखवले.

“आरसा करून देऊ का?” असे त्यांनी विचारले तेव्हा मी नको म्हटले आणि त्यांना ते जरा लागले असावे. पण माझ्याजवळ पुरावा होता. यंत्राच्या कडेने लाकडी फर्निचरला ओरखडे पडू नयेत म्हणून रबराची पट्टी असते; ती काढल्यावर तिच्याखालचा धातू कारखान्यातून आला तसाच सापडला होता. त्याची झळाळी मऊ होती, दुधावरच्या सायीसारखी. आरशासारखी चमक त्याला कधीच नव्हती. पट्टीखालचा तो भाग नेऊन दाखवल्यावर त्यांनी चाक बदलले आणि नेमकी तीच झळाळी आणून दिली. पुढच्या डाव्या बाजूला माजघराच्या दगडी उंबरठ्यावर घासून पडलेले चार खोल चरे आहेत. ते मी तसेच ठेवले. बेकलाइटच्या मुठीवर फक्त मऊ पॉलिश आणि मेण लावले, कारण त्याचा वरचा तुळतुळीत थर घासून गेला की आतला भुरकट भाग उघडा पडतो आणि तो थर परत येत नाही.

जूनच्या पहिल्या गुरुवारी सतरंजी अंथरली आणि यंत्र सुरू केले. खडखड नव्हती, ठिणग्या अगदी बारीक होत्या, सतरंजीच्या पट्ट्यांचे रंग एकेका फेरीनिशी वर येत होते. बाबा खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, “भोंगा असा नव्हता. हा चिरका आहे.” मला वाटले, सत्तर वर्षांपूर्वीच्या आवाजाची आठवण कितपत खरी मानावी. मग प्लगजवळ व्होल्टेज मोजले तर ते २३८ निघाले. पट्टीवर २०० ते २२० लिहिलेले आहे, आणि या जातीच्या मोटारीचा वेग व्होल्टेजबरोबर वाढतो. वेग वाढला की आवाज चढतो आणि कार्बनही लवकर झिजतो. दुसऱ्या दिवशी मी व्होल्टेज कमी-जास्त करणारा डिमरस्टॅट आणला, यंत्र त्यावर जोडले आणि बाबांना आकडा न दाखवता काटा हळूहळू खाली आणत गेले. २३०, २२५, २२०. बाबा मान हलवीत राहिले. २१० वर आवाज भरदार आणि खर्जातला झाला, तेव्हा त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “हां, हाच. आता आई सतरंजीचं दुसरं टोक उचलायला सांगेल.”