जी. ऑफ बरोडा

शोधनिबंध लिहून झाला की सुटलो, असं ज्याला वाटतं त्याने अजून संदर्भसूची केलेली नसते.

माझा निबंध बडोदे संस्थानातल्या ग्रंथालयांवर होता. पहिल्या जर्नलने तो सात महिने ठेवून घेतला आणि दोन ओळींचं पत्र जोडून परत पाठवला. त्यांना तळटीपा हव्या होत्या, शिकागो पद्धतीच्या. दुसऱ्या जर्नलला हवी एपीए, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पद्धत, जिच्यात तळटीप नाही, मजकुरातच कंसात नाव आणि साल. म्हणजे मजकूर तोच, 63 संदर्भांचे कपडे तेवढे बदलायचे. आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर, टिंब, कंसात साल, कंसाबाहेर पुन्हा टिंब. दांडिया बाजारातल्या घरात रात्री साडेअकराला दिवा दिसला म्हणून सासूबाई डोकावल्या. "अजून पेपर तपासतेस का गं?" म्हटलं, "नाही, टिंबं तपासतेय." त्या काही न बोलता झोपायला गेल्या. निवृत्तीला आलेली सून अशी बसलेली पाहून त्यांना काय वाटलं असेल, कोण जाणे.

तळटीपा गेल्या याचं मला दुःख नाही. त्यांत 'तत्रैव' नावाचा एक घातकी शब्द असतो. तत्रैव म्हणजे वरच्याच ठिकाणी. पण 'वर' कोण आहे याची त्याला काडीची पर्वा नसते. संपादकांच्या सांगण्यावरून मी एक परिच्छेद पान तीनवरून पान नऊवर हलवला, आणि बोर्डनसाहेबांचं मत इतिहासकार रियासतकार सरदेसायांच्या खात्यावर जमा झालं! विल्यम अ‍ॅलनसन बोर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल. सयाजीरावांनी त्यांना 1910 मध्ये बडोद्याला आणलं. सरदेसाईही महाराजांच्याच नोकरीत होते हे खरं, पण म्हणून काय एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडी घालायचं?

कंसात नाव आणि साल लिहायची पद्धत मात्र एका बिनशंखाच्या गोगलगायीमुळे आली म्हणतात. एडवर्ड मार्क या हार्वर्डच्या प्राणिशास्त्रज्ञाने 1881 मध्ये तिच्या अंड्यावर एक लांबलचक निबंध लिहिला, त्यात हे कंस पहिल्यांदा दिसतात. एपीएचे नियम 1929 मध्ये आले तेव्हा सात पानांत मावले होते. आता पुस्तक चारशे पानांच्या वर गेलंय. गोगलगाय बरी, निदान हळू वाढते.

तीन किंवा अधिक लेखक असले तर मजकुरात पहिल्याचं नाव आणि पुढे 'व इतर'. हा नियम मला समजावून घ्यावा लागला नाही. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून चौघांची नावं छापली आणि ह्यांच्या आत्या 'समस्त परिवार'मध्ये गेल्या. ती पत्रिका त्यांनी पुढे वीस वर्षं दर दिवाळीला काढून दाखवली.

आणखी एक नियम निघाला. 2019 च्या सातव्या आवृत्तीपासून एपीएने प्रकाशकाचं गाव लिहायचं बंद केलं. मी निम्म्याहून जास्त नोंदींत निष्ठेने 'बडोदा' टाइप केलं होतं. त्याआधी त्यावरही रात्र घालवली होती, कारण शहराचं नाव 1974 मध्ये वडोदरा झालं, तरी युनिव्हर्सिटी नावात अजून बरोडाच आहे. मग जुन्या पुस्तकाला काय लिहायचं? पुस्तकावर जे छापलंय ते, असं ठरवून निस्तरलं. आणि आता एकेका ओळीतून ते पुसत बसले. डिलीट, डिलीट, डिलीट. इथे जन्म गेलेल्या माणसाला हे काम सांगू नये.

खरी मजा सालांची. मराठी पुस्तकावर शके 1832, त्याच सुमाराच्या गुजराती पुस्तकावर संवत 1966, सरकारी अहवालावर इसवी सन. शकात 78 मिळवायचे, पण पुस्तक माघ-फाल्गुनात निघालं असेल तर 79. गुजराती संवत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बदलतो, म्हणून संवत 1966 म्हणजे 1909 ची दिवाळी ते 1910 ची दिवाळी. महिना छापलेला नसेल तर कंसात काय घालायचं? एपीएला एक साल हवं असतं. एकाच गल्लीत तीन पंचांगं नांदत होती हे त्यांच्या चारशे पानांत कुठे बसणार? मी संवत 1966 च्या अशा एका पुस्तकासाठी पुन्हा मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत गेले. झेरॉक्समध्ये पहिलं पान आलंच नव्हतं, पान नंबरही कडेला कापले गेलेले. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून. मी खाली पानं उलटत होते आणि डोक्यावर कुणाच्या तरी चपलांच्या सावल्या सरकत होत्या. महिना सापडला: कार्तिक. म्हणजे 1909. एका अंकासाठी अर्धा दिवस गेला, पण बाहेर येऊन सेव-उसळ खाताना जे समाधान वाटलं ते अख्खा निबंध लिहून वाटलं नव्हतं.

भाचा आला आणि कपाळाला हात लावला. "मावशी, तू हे सगळं हाताने करतेस?" त्याने कॉम्प्युटरवर झोटेरो घालून दिलं, संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर. एकदा माहिती भरायची, मग शिकागो म्हणा, एपीए म्हणा, कपडे आपोआप बदलतात. मी दोन दिवस हरखून गेले. तिसऱ्या दिवशी यादी वाचली तर त्यात एक अनोळखी गृहस्थ: 'बरोडा, जी. ऑफ'. कोण हे? खूप वेळाने उलगडा झाला. गव्हर्नमेंट ऑफ बरोडा! यंत्राला वाटलं, शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. अख्ख्या संस्थानाचं आडनाव करून, दरबाराचं आद्याक्षर करून, त्याने सरकारला एक साधा लेखक करून टाकलं होतं. नाव आणि आडनाव अशा दोन चौकटींऐवजी एकच चौकट निवडली की हे दुरुस्त होतं, पण मला ते गृहस्थ इतके आवडले होते की त्यांना त्या रात्री तसंच राहू दिलं.

सकाळी ते गेले, आणि मग माझी नजर माझ्यावरच पडली. माझे दोन जुने लेख यादीत आहेत. पहिला लग्नाआधीचा: माहेरचं आडनाव, मधलं अक्षर वडिलांचं. दुसरा नंतरचा: सासरचं आडनाव, मधलं अक्षर ह्यांचं. यंत्राच्या हिशेबी या दोन वेगळ्या बायका. भाच्याने विचारलं, "एक करून टाकू?" पण नियम सांगतो की लेखावर जे नाव छापलंय तेच द्यायचं. म्हटलं, राहू दे.

तर आता एक मी 'बी'वर आहे, दुसरी 'टी'वर. मध्ये बोर्डनसाहेब आहेत, सरदेसाई आहेत, आणि आणखी अडतीस माणसं.