'रिंग' वाचताना तारखांवर नजर ठेवा

कोजी सुझुकी यांची 'रिंग' ही जपानी भयकादंबरी १९९१ साली आली. हिदेओ नाकाता यांचा १९९८चा सिनेमा आधी पाहिलेले वाचक टीव्हीतून बाहेर येणाऱ्या सादाको या भुताची वाट बघत बसतात. कादंबरीत तो प्रसंगच नाही. सिनेमात पत्रकार बाई आहे, पुस्तकात बायको-मुलगी असलेला काझुयुकी आसाकावा; आणि र्‍युजी हा त्याचा मित्र. भीतीचा प्रकारही वेगळा. ही तपासकथा आहे आणि तशीच वाचली तरच चढत जाते.

चार तरुण ५ सप्टेंबर १९९०च्या रात्री, वेगवेगळ्या ठिकाणी, जवळपास एकाच वेळी मरतात. आसाकावाला दुवा सापडतो तो हाकोनेकडच्या एका रिसॉर्टमध्ये: २९ ऑगस्टला चौघे बी-४ या केबिनमध्ये उतरले होते. मृत्यूच्या बरोबर सात दिवस आधी. तिथली शापित व्हिडिओ कॅसेट पाहणारा सात दिवसांनी मरतो; आसाकावा ती पाहतो आणि त्याचेही सात दिवस सुरू होतात. पुढे प्रकरणांच्या डोक्यावर तारीख-वार छापलेले आहेत. ते नजरेआड केले तर मधला चौकशीचा भाग रेंगाळल्यासारखा वाटतो. लक्षात ठेवले तर प्रत्येक फुकट गेलेला फोन टोचतो.

कॅसेटच्या शेवटी जगण्याचा उपाय सांगायला सुरुवात होते आणि नेमकी तिथेच डास पळवणाऱ्या उदबत्तीची जाहिरात लागते. कुणीतरी त्या जागेवर दुसरंच रेकॉर्डिंग केलेलं आहे. शापापेक्षा हा पुसलेला तुकडा जास्त छळतो, कारण सगळी धावपळ त्या एका अर्धवट वाक्यासाठी आहे.

माझ्या मते पुस्तकाचा कळस म्हणजे पापण्यांचा शोध. काही दृश्यांत पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, काहींत होत नाही. र्‍युजी ताडतो की तो काळोख म्हणजे डोळ्याची उघडझाप. म्हणजे ती दृश्यं कुणीतरी खरोखर पाहिलेली, आणि उरलेली मनात रचलेली. कॅमेरा नव्हताच! इथे घाई करू नका. कॅसेटचं वर्णन पुन्हा उघडून दृश्यागणिक ताडून बघा, दोन्ही गट वेगळे पडतात.

मनातली प्रतिमा फिल्मवर उमटवण्याची कल्पना सुझुकींनी हवेतून आणलेली नाही. टोकियो इम्पीरियल विद्यापीठातले तोमोकिची फुकुराई यांनी १९१०च्या सुमारास असे प्रयोग केले होते. त्यांनी तपासलेल्या चिझुको मिफुने यांनी १९११ साली आत्महत्या केली. सादाकोच्या आईच्या कथेत त्याचे पडसाद आहेत. देवीच्या रोगाचा उल्लेखही शोभेसाठी नाही, तो डोक्यात ठेवा.

र्‍युजीची बायकांबद्दलची बढाई किळसवाणी आहे आणि सादाकोच्या शरीराविषयीचं लिखाण आज खटकतं. ते झाकण्यात अर्थ नाही.

क्रम मात्र मोडू नका. मालिकेतली पुढची कादंबरी 'स्पायरल' (१९९५) शवविच्छेदनाच्या टेबलापासून पुढे जाते, त्यामुळे 'रिंग'चा शेवट लगेच फुटतो. 'लूप' (१९९८) आधीच्या दोन्ही पुस्तकांखालची जमीनच काढून घेते. इथे भय मागे पडून विज्ञानकथा सुरू होते आणि बरेच वाचक गळतात. 'बर्थडे' या कथासंग्रहातली (१९९९) नाटक कंपनीतल्या तरुण सादाकोची कथा काळाने सर्वांत आधीची, म्हणून काहीजण तिथून सुरुवात करतात. तसं करू नका, कारण त्याच पुस्तकातली शेवटची कथा 'लूप'नंतरची आहे.