५२ टेबलं, ८४ माणसं

अकरा वर्षं ज्या टेबलाशी बसले, त्याचे दोन खण रिकामे करायला मला वीस मिनिटं पुरली. जुन्या कामांच्या वह्या, दोन चार्जर, मानेला शेकायची पिशवी, निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्यांनी जाताना दिलेलं पेन. सगळं एका खोक्यात बसलं, पण ते खोकं नव्या लॉकरमध्ये काही बसेना. लॉकर जेमतेम लॅपटॉपच्या बॅगेएवढा. शेवटी वह्या घरी नेल्या.

कारण साधं होतं. भाडेकरार संपत आला होता आणि दोन मजल्यांपैकी एक सोडायचं ठरलं. उरलेल्या मजल्यावर कुणाचंच टेबल ठरलेलं राहणार नव्हतं; ज्या दिवशी यायचं त्या दिवसाचं टेबल ॲपवर बुक करायचं. कार्यालयात चालणाऱ्या अनेक कंपन्यांचा पगाराखालोखाल मोठा खर्च जागेवरच होतो. २०२० नंतर घरून काम करणं अंगवळणी पडलं आणि कुठल्याही दिवशी कितीतरी टेबलं मोकळी दिसायची. रिकाम्या खुर्च्यांचं भाडं किती दिवस भरणार? जागा कमी करण्यात कंपनीचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. चुकलं ते मोजणीत. त्या मोजणीवर माझीही सही होती, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या विभागाच्या वतीने मी स्थलांतराच्या समितीवर होते. ॲडमिनने तीन महिन्यांच्या कार्ड-स्वाइपच्या नोंदी दिल्या. माणसं ८४, रोजची सरासरी हजेरी ४६. वर सहा जादा धरून ५२ टेबलं ठरली. मी बेरजा तपासल्या आणि होकार दिला. बेरजा बरोबरच होत्या. पण वारांप्रमाणे पाहिलं असतं तर सोमवारी ४०, मंगळवारी ५८, बुधवारी ६५, गुरुवारी ४७ आणि शुक्रवारी २० असं चित्र होतं. सरासरीएवढी माणसं फक्त गुरुवारी यायची. मंगळवारी आणि बुधवारी जागा अपुरी पडणार हे त्याच कागदांत लिहिलेलं होतं, आम्ही ते वाचलं नाही.

पहिल्याच बुधवारी ते समोर आलं. दहाच्या आधीच ॲपवर सगळी टेबलं लाल, म्हणजे बुक झालेली. चौघांच्या मीटिंग रूममध्ये सात जण, दोघी खिडकीच्या कट्ट्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन. महिनाभरापूर्वी रुजू झालेला एक मुलगा पाठीला बॅग तशीच ठेवून मजल्यावर दोन फेऱ्या मारून आला आणि मला हळूच म्हणाला, "मॅडम, मी घरी जाऊन काम करू का?" मला फार वाईट वाटलं. मी उठून सगळी टेबलं मोजली. नऊ टेबलं बुक होती, पण तिथे कुणीच नव्हतं. जागा मिळणार नाही या भीतीने लोकांनी आठवडाभराची बुकिंग करून ठेवली होती. त्यामुळे बावीस माणसं टेबलाविना आणि नऊ टेबलं माणसाविना.

दुसरा त्रास कुणाला दिसत नाही. माझ्या मानेचं दुखणं जुनं आहे. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, कोपर काटकोनात हवं, पाय जमिनीला पूर्ण टेकायला हवेत. स्वतःचं टेबल होतं तेव्हा हे एकदा जुळवलं की झालं. नव्या व्यवस्थेत रोज नवी खुर्ची आली. तिचा दांडा ओढायचा, बसून पाहायचं, पुन्हा उठायचं. मॉनिटरच्या स्टँडला खालून चौथी खाच मला बरोबर लागते, हे मी वहीत लिहून ठेवलं आहे. काही टेबलांवर स्टँडच नव्हता, तिथे कागदांचे गठ्ठे मॉनिटरखाली सारायचे.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी वारवार आकडे ठेवले. सोबत दोन गोष्टी वाचून गेले होते. अमेरिकेतल्या चियाट-डे या जाहिरात कंपनीने १९९०च्या दशकातच ठरलेली टेबलं काढून टाकली होती. तिथे लोक कागदपत्रं गाडीच्या डिकीत ठेवू लागले आणि काही वर्षांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. लॉकरचा मुद्दा मी त्यावरूनच मांडला. दुसरी गोष्ट २०१८च्या अभ्यासाची. ईथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन कंपन्यांत पार्टिशन काढल्यावर काय होतं ते मोजलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. तो अभ्यास उघड्या कार्यालयाचा आहे, सामायिक टेबलांचा नाही, हे मी तिथेच सांगितलं. पण माणसं जवळ आणली की ती आपोआप बोलू लागतात, हे गृहीत धरू नका, एवढं त्यावरून पटवता आलं.

मजला परत मिळणार नव्हता. मग मोठ्या मीटिंग रूममध्ये दहा टेबलं टाकली. ज्या दोन टीमचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, त्यांतल्या एकीचा एकत्र येण्याचा दिवस बुधवारऐवजी शुक्रवार केला. बुक करून पाऊण तासात आलं नाही तर टेबल आपोआप मोकळं होऊ लागलं. आणि प्रत्येक टीमला मजल्याचा एक कोपरा दिला. टेबल रोज वेगळं असलं तरी शेजार तोच राहतो.

सगळ्यात जास्त वाद झाला तो पाच कायम टेबलांवर. ज्यांना पाठीचा, डोळ्यांचा किंवा आणखी कसला त्रास आहे, त्यांना जागा ठरवून द्यावी, हे सगळ्यांना मान्य होतं. पण डॉक्टरांचं पत्र टीमच्या मॅनेजरकडे द्यावं असा प्रस्ताव होता. आपलं दुखणं रोज ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याच्यासमोर कुणी का उघड करावं? मी हटून बसले. पत्र फक्त एचआरमधली एक व्यक्ती पाहील आणि टेबलावर कारण लिहिलं जाणार नाही, यावर शेवटी एकमत झालं. त्यातलं एक टेबल अंधूक दिसणाऱ्या आमच्या सहकारी ताईंकडे आहे. त्यांच्या मोठ्या स्क्रीनला आता कुणी हात लावत नाही. एक मी घेतलं, आणि ते घेताना मला संकोच वाटला नाही.

बुधवारी आता कुणाला परत जावं लागत नाही. तो नवा मुलगा आमच्याच कोपऱ्यात बसतो आणि अडलं की खुर्ची वळवून विचारतो. लॉकर मात्र अजून तेवढेच आहेत. पुढच्या महिन्यात मोठे येणार, असं ॲडमिनने कळवलं आहे. माझ्या वह्यांची मापं मी देऊन ठेवली आहेत.